मोटारीचे हसू आणि मोटारीचा हिशेब : ‘टॉप गिअर’च्या देशोदेशीच्या आवृत्त्या व मराठी प्रेक्षक

प्रास्ताविक

बुलडाणा हे जिल्ह्याचे मुख्यालय असूनही त्या शहराला रेल्वे नाही. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी स्थानके घेत पुढे निघून जातो. जलंबहून एक फाटा खामगावपर्यंत येतो आणि तेथेच संपतो. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. त्यामुळे या भागात ज्याला ‘घाटावर’ म्हणतात त्या बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांचा बाहेरच्या जगाशी आलेला संबंध हा मुख्यतः रस्त्याचा संबंध आहे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हा हा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. राज्यपुनर्रचनेनंतर एसटीचे जाळे इकडेही पसरले आणि राजूरचा घाट चढून येणारी गाडी हेच घाटावरच्या बहुतेकांचे पहिले मोटारदर्शन ठरले. त्यानंतर जीप आली, ट्रॅक्टर आला, दुचाकी तर घरोघरी आली.

ज्या समाजाचे दैनंदिन जीवन रबरी चाकावर इतके अवलंबून आहे, त्या समाजाच्या भाषेतील दूरचित्रवाणीवर मोटार हा विषय म्हणून मात्र फारसा आलेला नाही. ही गोष्ट सहज नजरेआड होते; पण परदेशातील एका कार्यक्रमाच्या इतिहासाशी ती ताडून पाहिली असता तिला वेगळा अर्थ येतो. ब्रिटनच्या बीबीसीचा ‘टॉप गिअर’ हा तो कार्यक्रम. ऑस्ट्रेलिया, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, चीन, फ्रान्स, इटली अशा अनेक देशांत त्याच्या स्थानिक आवृत्त्या निघाल्या. भारतात त्याच नावाचे मासिक 2005 मध्ये सुरू झाले, परंतु दूरचित्रवाणी आवृत्ती निघाली नाही, आणि मराठीत तर तसा विचारही कोणी केल्याचे दिसत नाही. परदेशी प्रारूपांचे आपल्याला वावडे होते असेही नाही. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम 2000 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणून हिंदीत आणि 2013 मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कोण होईल मराठी करोडपती’ म्हणून मराठीत आला. 1999 मधील डच ‘बिग ब्रदर’ 2018 मध्ये ‘बिग बॉस मराठी’ झाला. मग मोटारीचाच कार्यक्रम सीमेवर का अडला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

एकाच नावाचे दोन कार्यक्रम

‘टॉप गिअर’ या नावाखाली वस्तुतः दोन भिन्न कार्यक्रम होऊन गेले, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. पहिला 1977 मध्ये बर्मिंगहॅम येथून, केवळ मिडलँड्स विभागापुरता सुरू झाला. अँजेला रिपन व टॉम कॉइन हे त्याचे आरंभीचे निवेदक. पुढील वर्षी तो राष्ट्रीय पातळीवर गेला. 1973 च्या तेलसंकटाची आठवण तेव्हा ताजी होती. इंधनाची बचत, वेगमर्यादा, विमा, जुनी गाडी घेताना घ्यावयाची काळजी, सहलीचे मार्ग, नव्या गाड्यांची चाचणी असे त्याचे विषय होते. थोडक्यात, तो ग्राहकाला शहाणे करणारा कार्यक्रम होता. दोन दशकांहून अधिक काळ चालून 2001 मध्ये तो बंद झाला.

दुसरा ‘टॉप गिअर’ ऑक्टोबर 2002 मध्ये जन्मला. जेरेमी क्लार्कसन व निर्माते अँडी विल्मन यांनी त्याची मांडणी मुळापासून बदलली. सरे परगण्यातील डन्सफोल्ड विमानतळावरील भव्य शेड, सभोवार उभे असलेले प्रेक्षक, परस्परांची टर उडवणारे तीन निवेदक, चेहरा कधीच न दाखवणारा ‘स्टिग’ नावाचा चालक, स्वस्त गाडीतून फेरी मारणारे नामवंत पाहुणे, आणि पुढे पुढे दूरदेशीच्या विक्षिप्त मोहिमा. सल्ला जवळजवळ नाहीसा झाला. गंमत अशी की, जुन्या कार्यक्रमातील काही मंडळी त्याच वर्षी चॅनेल फाइव्हवर गेली व तेथे ‘फिफ्थ गिअर’ या नावाने सल्ल्याची परंपरा चालवू लागली. म्हणजे 2002 मध्ये ब्रिटनमध्ये मोटारीविषयीचा सल्ला आणि मोटारीविषयीची करमणूक यांची वाटणी झाली, आणि जगभर गेली ती करमणूक. गिनीजच्या 2013 च्या आवृत्तीत हा जगातील सर्वाधिक पाहिला जाणारा वस्तुनिष्ठ कार्यक्रम म्हणून नोंदला गेला. ‘वस्तुनिष्ठ’ या वर्गवारीत तो कसा बसला, हा प्रश्न बाजूस ठेवू.

या दुसऱ्या कार्यक्रमातील विनोद कोठून येतो? तो मोटार मोडण्यातून, उशिरा पोहोचण्यातून, महागड्या यंत्राच्या फजितीतून येतो. यंत्राची फजिती हसण्याजोगी वाटावयाची तर ते यंत्र पाहणाऱ्याच्या घरी निर्वेध उभे असावे लागते. पाहुण्यांच्या फेरीसाठी वापरलेल्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. 2006 पासून काही वर्षे ती गाडी शेव्हरोले लॅसेटी ही होती, आणि ‘माफक किमतीची’ म्हणून तिची थट्टा हाच त्या सदराचा गाभा होता. तीच गाडी भारतात ‘ऑप्ट्रा एसआरव्ही’ या नावाने विकली जाई. तालुक्याच्या गावी एखाद्या डॉक्टरांच्या दारात ती उभी राहिली असती तर गल्लीने थांबून पाहिली असती.

देशोदेशीच्या आवृत्त्या

प्रारूप विकले जाते तेव्हा केवळ नाव विकले जात नाही. कार्यक्रमाचा सांगाडा, सदरांचा क्रम, निवेदकांमधील नातेसंबंध, चित्रणाची पद्धत हे सारे परवान्यासह दिले जाते. म्हणूनच सर्व आवृत्त्यांत तीन निवेदकांचे त्रिकूट दिसते. बदलते ते त्या तिघांचे पूर्वायुष्य. ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये एसबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या आवृत्तीत व्यंगचित्रकार वॉरन ब्राउन होते व दुसऱ्या पर्वात जॅझवादक जेम्स मॉरिसन आले. रशियात 2009 मध्ये रेन टीव्हीने नट, गायक व शर्यतपटू असलेले निकोलाय फोमेन्को यांना घेतले. अमेरिकेत 2010 पासून हिस्टरी वाहिनीवर विनोदवीर ॲडम फेरारा, शर्यतपटू टॅनर फाउस्ट व मोटारशर्यतींचे समालोचक रटलेज वुड होते. कोरियात 2011 मध्ये एक्सटीएम वाहिनीवर, तर चीनमध्ये 2014 मध्ये शांघायच्या ड्रॅगन टीव्हीवर आवृत्ती निघाली. चिनी त्रिकुटात सूर मारण्याच्या क्रीडाप्रकारातील ऑलिंपिक विजेते तियान लियांग होते. फ्रान्समध्ये 2015 मध्ये नट फिलिप लेलूश यांच्यासह ती आली, आणि इटलीत 2016 मध्ये पाककलेच्या कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध झालेले जो बास्तियानिच यांच्यासह.

या आवृत्त्यांचे भवितव्य मात्र सारखे नव्हते. ऑस्ट्रेलियातील आवृत्ती दोन पर्वांनंतर नाइन या वाहिनीकडे गेली व लवकरच थांबली. 2024 मध्ये ती नव्या निवेदकांसह पुन्हा अवतरली. तेथील प्रेक्षक मूळ ब्रिटिश कार्यक्रम आधीच आवडीने पाहत होता. भाषा तीच असल्याने नक्कल आणि अस्सल यांची तुलना दर आठवड्याला होत राहिली. अमेरिकेतही भाषा तीच होती, तरी ती आवृत्ती सहा पर्वे चालली. याचे कारण, माझ्या मते, असे की तिने हळूहळू प्रेक्षकांनी भरलेली शेड मागे टाकली आणि लांब अंतरांच्या, एकमेकांना आव्हान देत केलेल्या प्रवासांना मध्यवर्ती स्थान दिले. त्या देशाचे मोटारीशी असलेले नाते हे अंतराचे नाते आहे, हे तिने ओळखले. फ्रेंच आवृत्ती दीर्घकाळ चालली. रनॉ, प्यूजो, सित्रोएन या गाड्यांविषयी फ्रेंच माणसाच्या मनात जो जिव्हाळा व जी चीड एकत्र नांदते, तिचा उपयोग तिला करून घेता आला असावा. परंतु येथे एक अडचण आहे. फेरारी व फियाटच्या इटलीत हीच युक्ती का चालली नाही? तेथे सहा भागांतच खेळ आटोपला. तेव्हा स्वदेशी मोटारउद्योग असला की आवृत्ती तगते, असा ठोकताळा मांडणे धाडसाचे होईल.

तगणे हा एक प्रश्न झाला. निघणे हा दुसरा. कोणती आवृत्ती किती वर्षे चालेल हे निवेदक, वाहिनी व पैसा यांवर ठरते. पण ती मुळात निघावी असे एखाद्या वाहिनीला वाटण्यासाठी खाजगी मोटार ही पुरेशा प्रेक्षकांची हौस झालेली असावी लागते. चीनचे उदाहरण येथे उपयोगी पडते. 2009 मध्ये चीनने अमेरिकेला मागे टाकून जगातील सर्वांत मोठी मोटार बाजारपेठ होण्याचा मान मिळवला. ड्रॅगन टीव्हीची आवृत्ती त्यानंतर पाच वर्षांनी आली.

मुंबईचे डबे : 2011

भारतात आवृत्ती आली नाही, पण खुद्द ‘टॉप गिअर’ भारतात आला. 28 डिसेंबर 2011 रोजी ब्रिटनमध्ये त्याचा भारतविषयक विशेष भाग प्रक्षेपित झाला. क्लार्कसन जॅग्वारमध्ये, जेम्स मे रोल्स-रॉइसमध्ये व रिचर्ड हॅमंड मिनीमध्ये असे तिघे जुन्या ब्रिटिश गाड्या घेऊन आले होते. प्रवासाचा आरंभ मुंबईत झाला. पुढे जयपूर, दिल्ली व हिमालय. मुंबईत त्यांनी डबेवाल्यांशी चढाओढ लावली : घरचे डबे कचेऱ्यांपर्यंत मोटारीने अधिक लवकर पोहोचतात का, हे पाहण्याची.

डबेवाल्यांची व्यवस्था महादेव हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास घालून दिल्याचे सांगितले जाते. जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर, मावळ, मुळशी या भागांतून आलेल्या माणसांनी ती उभी केली. 2011 च्या सुमारास साधारण 5,000 डबेवाले दररोज सुमारे 2 लाख डबे पोहोचवीत, असे मानले जाई. पुढे करोनाकाळात कचेऱ्या बंद पडल्या आणि ही संख्या फार घटली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात मोटार जवळजवळ नाहीच. सायकल, हातगाडी, डोक्यावरचा लाकडी घमेला, लोकल गाडी आणि डब्याच्या झाकणावरील खुणा, एवढ्यावर ती चालते. मोटारीचा कार्यक्रम महाराष्ट्रात आला आणि त्याची गाठ बिनमोटारीच्या वाहतुकीशी पडली. त्या चढाओढीतील विनोद अर्थातच मोटारींच्या फजितीवर उभा होता, आणि तेवढ्यापुरता तो प्रामाणिकही होता. परंतु निवेदकांना मुंबईची गर्दी ही मोटारीला आलेला अडथळा म्हणून दिसली. त्या गर्दीतून वाट काढण्यासाठीच डबेवाल्यांची पद्धत घडली आहे, तिच्यात काही पिढ्यांचे शहाणपण आहे, याकडे कॅमेरा क्षणभर वळला आणि परतला.

पुढचा वाद सर्वश्रुत आहे. क्लार्कसन यांनी आपल्या जॅग्वारच्या मागील बाजूस शौचकूप बसवून घेतले होते आणि भारतातील स्वच्छतेवर कोट्या केल्या होत्या. जानेवारी 2012 मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार नोंदवली. चित्रीकरणापूर्वी निर्मात्यांनी पाठवलेल्या पत्रात देशातील निसर्ग व रस्त्यांवरील गमतीजमती दाखवणारा हलकाफुलका प्रवास असे वर्णन होते, प्रत्यक्षात दिसले ते निराळे, हा तक्रारीचा रोख होता. आपल्याकडील वृत्तपत्रांनी तो अपमानाचा प्रश्न केला. अपमान होताच, परंतु त्या जॅग्वारविषयीची दुसरी गोष्ट चर्चेत फारशी आली नाही. ज्या कंपनीचे नाव त्या गाडीवर होते ती 2008 पासून मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सच्या मालकीची होती. ब्रिटिश मोटारीचा तोरा मिरवीत आलेल्या पाहुण्यांच्या गाडीचे घराणे आता मुंबईकराच्या हाती होते, हा विनोद त्या भागातील कोणत्याही विनोदापेक्षा सरस ठरला असता.

जनगणनेतील आकडे

तो भाग प्रक्षेपित झाला ते 2011 हे जनगणनेचेही वर्ष होते. त्या गणनेनुसार भारतातील 47.2 टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता आणि 4.7 टक्के कुटुंबांकडे मोटार, जीप किंवा व्हॅन. दर दहा संचांमागे एक मोटार, असे हे प्रमाण पडते. दुचाकी 21 टक्के कुटुंबांकडे होती, सायकल 44.8 टक्क्यांकडे. ग्रामीण भागात मोटारीचे प्रमाण 2.3 टक्के इतके खाली येते. इंग्लंड-वेल्समध्येही त्याच वर्षी जनगणना झाली. तेथे मोटार नसलेली कुटुंबे 25.6 टक्के होती. म्हणजे तेथे चारांपैकी तीन घरांत मोटार होती, येथे विसांत एकही पुरती नव्हती.

हे आकडे केवळ दारिद्र्याचे निदर्शक म्हणून वाचू नयेत. प्रेक्षक कोणत्या बाजूने पडद्याकडे पाहतो, हे ते सांगतात. ज्याच्याकडे मोटार नाही पण संच आहे, त्याला पडद्यावरील मोटार ही घेण्याची, निदान घेण्याचे स्वप्न पाहण्याची वस्तू असते. आयुष्यातील पहिली गाडी घेणारा माणूस तिच्या मोडतोडीवर हसत नाही. तो किंमत विचारतो. आपल्याकडील मोटारविषयक कार्यक्रमांनी नेमके हेच ओळखले होते. एनडीटीव्हीचा ‘कार अँड बाइक शो’ व हिंदीतील ‘रफ्तार’, सीएनबीसी-टीव्ही18 वरील ‘ओव्हरड्राइव्ह’ हे सारे मुख्यतः सल्ल्याचे कार्यक्रम : नवी गाडी, तिची किंमत, तिचे गुणदोष, प्रतिस्पर्धी गाडीशी तुलना. 2003 मध्ये एमटीव्हीवर सुरू झालेल्या ‘रोडीज’मध्ये मोटारसायकल होती खरी, पण तेथेही चाचणी व्हायची ती माणसांची, वाहन नेपथ्यापुरते असे. भारतीय वाहन-कार्यक्रम हे ‘टॉप गिअर’चे मागासलेले रूप आहेत, अशी टीका इंग्रजी नियतकालिकांच्या वाचकांत एके काळी ऐकू येई. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. ते 1977 च्या ‘टॉप गिअर’चे सगोत्र आहेत, आणि त्या वेळच्या ब्रिटनप्रमाणेच तेलाच्या किमतीने धास्तावलेल्या ग्राहकासाठी आहेत. येथे सल्ला व करमणूक यांची वाटणी व्हावी इतकी सुबत्ता अद्याप आलेली नाही.

मराठी दूरचित्रवाणीला सल्ल्याची परंपरा नवी नव्हती. मुंबई दूरदर्शनचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा त्या परंपरेचा मानदंड. शेतकऱ्याला त्याच्या कामाच्या भाषेत सांगणारा असा कार्यक्रम वाहनांच्या बाबतीत मात्र मराठीत रुजला नाही. 1999 नंतर खाजगी मराठी वाहिन्या आल्या त्या कौटुंबिक मालिकांवर उभ्या राहिल्या. मोटारकंपन्यांची जाहिरात हिंदी व इंग्रजीकडे वळली. परिणामी पुण्यात, पिंपरीत, नाशकात, औरंगाबादेत ज्या भाषेच्या माणसांनी वाहने घडवली, त्या भाषेत वाहनांविषयीची दूरचित्रवाणी घडली नाही. ही उणीव खरी उणीव आहे. परदेशी प्रारूप न आल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

वेग आला तेव्हा

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा या भागांतून ताशी 120 किलोमीटर वेगाची मर्यादा असलेला रस्ता गेला. 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. जेथे एसटीने घाट चढणे हीच वेगाची कल्पना होती, तेथे तीन वर्षांच्या आत निराळाच वेग येऊन ठेपला. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खाजगी प्रवासी बसला अपघात होऊन ती पेटली व 25 जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री त्या बसमध्ये बसलेले लोक हौसेचे प्रवासी नव्हते. शिक्षण, नोकरी, घर यांच्यासाठी विदर्भातून पुण्याकडे जाणारी ती नित्याची वाट आहे.

योगायोगाने त्याच सुमारास ‘टॉप गिअर’ही थांबला. क्लार्कसन 2015 मध्ये एका निर्मात्यावर हात उगारल्यामुळे बाहेर पडले होते. नंतरच्या निवेदकांत इंग्लंडचा क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ होता. 2002 मध्ये वानखेडेवर अंगातील शर्ट काढून भिरकावणारा तोच. डिसेंबर 2022 मध्ये चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघातात तो गंभीर जखमी झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी स्थगित केला. 2006 मध्ये हॅमंडचा अपघात ताशी साडेचारशे किलोमीटरहून अधिक वेगात झाला होता. तेव्हा कार्यक्रम काही महिन्यांत परतला आणि अधिकच लोकप्रिय झाला. सतरा वर्षांत धोक्याची करमणूक पाहण्याची ब्रिटिश समाजाची तयारी बदलली, असे यावरून म्हणता येईल. आपल्या रस्त्यांवरील धोका मात्र कधीच करमणुकीचा विषय नव्हता. तो बातमीच्या पट्टीत येतो आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो. टायर किती काळ वापरावा, लांबच्या रस्त्यावर चालकाने केव्हा थांबावे, बसचे संकटकालीन दार कसे उघडते, हे 1977 च्या बर्मिंगहॅमसाठी दूरचित्रवाणीचे विषय होते. मराठीत त्यांना ठरलेली वेळ मिळाली नाही.

2022 मध्ये भारत जपानला मागे टाकून जगातील तिसऱ्या क्रमांकाची मोटार बाजारपेठ झाला, तरी त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) मोटार असलेली कुटुंबे सुमारे साडेसात टक्केच होती, तर दुचाकी जवळपास निम्म्या कुटुंबांकडे पोहोचली होती. या प्रेक्षकाने वाहिन्यांची वाट पाहिलेली नाही. यूट्यूबवर मराठीतून दुचाकी, जुन्या जीपगाड्या आणि ट्रॅक्टर यांची माहिती देणारी चित्रफीत आज सहज सापडते. तीत विमानतळावरची धावपट्टी नसते, स्टिग नसतो, तीन निवेदकांची थट्टामस्करीही नसते. शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस बॉनेट उघडून दाखवतो, हप्ता किती बसला ते सांगतो, एकरी डिझेल किती लागते याचा हिशेब देतो. आणि चित्रफितीखाली विचारलेला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : गाडी ॲव्हरेज किती देते?